चित्र दिसत नाहीं, म्हणजे चित्र नाहीं काय ?

या महिन्याच्या टपालांत दक्षिण सोलापूर तालुक्यांतील मंद्रूप या गांवाहून आलेलें एक पत्र आमच्यापुढें आहे. सोलापुराहून विजयपुराकडे, म्हणजे पूर्वीच्या विजापुराकडे, जाणाऱ्या हमरस्त्यावरचा हा गांव. घरांत मराठी आणि बाजारांत मराठीबरोबर कानडीहि, अशा सरहद्दीच्या मुलखांतला. पत्रलेखकांच्या घराण्यानें आपला कुलवृत्तांत तयार करण्याचें काम तीन वर्षांपूर्वीं हातीं घेतलें. वडील मंडळींनीं आठवणी सांगाव्या, सुनांनीं व मुलींनीं त्या लिहून घ्याव्या आणि पुण्यास असलेल्या पुतण्यानें संगणकावर सर्वांची जुळणी करावी, अशी कामाची वांटणी झाली. तीनशेंवर पानें झालीं. जुने फोटो, मोडी पत्रें, एका सनदेची प्रत, वंशवृक्षाचे तक्ते, अशीं सव्वाशेंच्या आसपास चित्रें त्यांत बसविलीं. घरांतील वडील चुलत्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीं छापील पुस्तक त्यांच्या हातीं द्यावें, असा सर्वांचा बेत. छापखान्याकडे देण्यापूर्वीं एकदां वाचून पहावें म्हणून ती फाइल मंद्रूपच्या घरीं उघडली, तों निम्म्याहून अधिक चित्रांच्या जागीं रिकाम्या चौकटी ! कांहींत लहानशी तांबडी फुली, तर कांहीं ठिकाणीं चौकटहि नाहीं.

हें वाचून कोणी म्हणेल, “एवढ्याचें काय ? पुन्हां बसवावीं.” परंतु या चित्रांत एक चित्र असें आहे कीं, त्याची दुसरी प्रत आज कोठेंच नाहीं. १९४८ सालच्या जाळपोळींत दक्षिण महाराष्ट्रांतील अनेक ब्राह्मण कुटुंबांचीं घरें जळालीं, आणि घरांबरोबर दप्तरें, पोथ्या व तसबिरीहि गेल्या. या घराण्याच्या एका शाखेवर तोच प्रसंग आला होता. पणजीबाईंचा एकुलता एक फोटो वांचला, तो केवळ मुलीच्या सासरीं विजापुरास होता म्हणून. पुतण्यानें तेथें जाऊन फोनच्या कॅमेऱ्यानें त्याची प्रतिमा घेतली व ती वृत्तांतांत बसविली. पुढें तो फोन कायमचा बिघडला, आणि दोन पावसाळ्यांत मूळ कागदी फोटोला वाळवी लागली. चुलत्यांनीं आपल्या आजीला पाहिलेलें नाहीं. त्यांना ती ठाऊक आहे ती या फोटोंतली. आतां फोटोच्या जागीं कांहींच दिसत नाहीं.

पत्रलेखक दोन प्रश्न विचारतात. चित्रें खरोखरच गेलीं काय ? आणि गेलीं असल्यास दोष कोणाचा ? घरांत पुतण्यावर बोल येऊं लागला आहे आणि तो बिचारा हवालदिल झाला आहे, असें पत्रावरून दिसतें. असलाच अनुभव पुष्कळ घरांत येत असावा. हल्लीं कुलवृत्तांत, आठवणींचीं पुस्तकें, प्रवासवर्णनें, संस्थांचे अहवाल, मुलामुलींचे प्रबंध, हें सारें घरच्याच संगणकावर तयार होतें. म्हणून या वेळचें सदर आम्ही याच विषयास देत आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत आणावी. न दिसणें आणि नसणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या शास्त्रकारांनीं याचा विचार फार बारकाईनें केला आहे. भाट्ट मीमांसक व अद्वैती वेदान्ती अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात. पण त्यांत ‘योग्य’ ही अट असते. उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, मध्यें पडदा नाहीं, आणि तरीहि भूतलावर घट दिसत नाहीं, तरच घट नाहीं असें म्हणावें. अंधारांत दिसला नाहीं, एवढ्यावरून घटाचा अभाव सिद्ध होत नाहीं. मंद्रूपकरांना तर दाखला दूर शोधावयास नको. त्यांच्याच तालुक्यांत, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथें संगमेश्वराच्या देवळांत शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठींतील अत्यंत जुन्या कालोल्लेखी लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनीं तो उजेडांत आणला, त्यापूर्वीं शतकानुशतकें तो त्याच देवळांत होता. वाचणारी नजर तेवढी त्यावर पडली नव्हती. तेव्हां रिकामी चौकट पाहतांच रडारड करूं नये, आणि कोणावर दोषहि ठेवूं नये. आधीं परीक्षा करावी.

परीक्षेपूर्वीं एक नियम मात्र कडकपणें पाळावा. ज्या फाइलींत चित्रें दिसत नाहींत ती ताबडतोब बंद करावी, आणि बंद करतांना ‘सेव्ह’ करूं नये. नंतर तिची एक प्रत वेगळ्या नांवानें काढावी, आणि पुढील सारे प्रयोग त्या प्रतीवर करावे. मूळ फाइल देव्हाऱ्यांतल्या टाकाप्रमाणें बाजूस ठेवावी. घाबरलेला मनुष्य पुन्हां पुन्हां जतन करीत सुटतो, आणि जें नुसतें झांकलें गेलें होतें तें कधीं कधीं त्या जतन करण्यानेंच पुसलें जातें.

पहिली परीक्षा उजेडाची. चित्र फाइलींत असून केवळ पडद्यावर येत नाहीं, असें होण्याचीं पांच-सहा साधीं कारणें आहेत. वर्ड या लेखन-कार्यक्रमांत फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड असें क्रमानें गेलें म्हणजे ‘शो डॉक्युमेंट कंटेंट’ या मथळ्याखालीं दोन खुणा आढळतात. एक ‘शो पिक्चर प्लेसहोल्डर्स’ ही. ती लागलेली असल्यास चित्रांऐवजीं नुसत्या चौकटी दिसतात. जुन्या मंदगति यंत्रांवर मोठा मजकूर भराभर सरकावा म्हणून केलेली ही सोय आहे. कोणीतरी ती लावतो आणि काढावयास विसरतो. दुसरी खूण ‘शो ड्रॉइंग्ज अँड टेक्स्ट बॉक्सेस ऑन स्क्रीन’ ही. ही मात्र लागलेली पाहिजे. नाहीं तर मजकुराभोवतीं मोकळीं ठेवलेलीं चित्रें चौकटीसकट नाहींशीं होतात. तसेंच फाइल ‘ड्राफ्ट’ किंवा ‘आउटलाइन’ या रूपांत उघडली असल्यास मोकळीं चित्रें दिसत नाहींत. ‘प्रिंट लेआउट’ या रूपांत आणून पहावें. चित्राच्या जागीं महिरपी कंसांत ‘इन्क्लूडपिक्चर’ असें कांहीं विचित्र लिहिलेलें दिसलें, तर ऑल्ट आणि एफ-९ या कळी एकदम दाबाव्या. तें लिखाण जाऊन पुन्हां चित्र येतें. चित्र मजकुराच्या मागें ठेवलें गेलें असेल, तर तें दुसऱ्या रंगीत चौकटीखालीं दडून बसतें. त्यासाठीं ‘सिलेक्शन पेन’ नांवाची पट्टी उघडावी. पानावरील मोकळ्या वस्तूंची यादीच तेथें मिळते.

मराठी मजकुरांत विशेषेंकरून आढळणारें एक कारण स्वतंत्र सांगण्याजोगें आहे. आपल्या लिपींत वर मात्रा-वेलांट्या आणि खालीं उकार. त्यामुळें कांहीं अक्षरवळणांत ओळींमधील अंतर कमी-अधिक होतें आणि पान ओबडधोबड दिसतें. तें सारखें करण्यासाठीं जुळणी करणारे लोक सबंध मजकूर निवडून ओळींचें अंतर ‘एक्झॅक्टली’, म्हणजे नेमकें अमुक इतकें, असें ठरवून टाकतात. अक्षरांस तें मानवतें. पण ओळींत बसविलेलें चित्र हेंहि यंत्राच्या हिशेबीं एक मोठें अक्षरच असतें. ओळीला जेवढी उंची दिली तेवढीच चित्राची पट्टी दिसते, आणि बाकीचें चित्र कापल्यासारखें होतें. चार इंच उंचीच्या फोटोची कधीं सुतळीएवढी रेघ उरते, आणि पाहणाऱ्यास ती शाईचा डाग वाटते. उपाय सोपा आहे. त्या ओळीवर कर्सर ठेवून परिच्छेदाच्या मांडणींत अंतर ‘सिंगल’ करावें. चित्र जसेंच्या तसें उभें राहतें.

पहिल्या परीक्षेनें चित्रें आलीं नाहींत, तर दुसरी करावी. ती गांठोडें सोडण्याची. वर्डच्या २००७ सालच्या आवृत्तीपासून ज्या फाइली तयार होतात, त्यांच्या नांवाच्या शेवटीं ‘डॉक-एक्स’ हीं अक्षरें असतात. दिसावयास ती एक फाइल. वस्तुतः तें अनेक लहान फाइलींचें आवळून बांधलेलें गांठोडें असतें. मजकूर एका पुडींत, चित्रें दुसऱ्या पुडींत, आणि कोणतें चित्र कोठें बसावें याची यादी तिसऱ्या पुडींत. हें गांठोडें सोडतां येतें. प्रत घेऊन तिच्या नांवाच्या शेवटचीं ‘डॉक-एक्स’ हीं अक्षरें काढून तेथें ‘झिप’ असें लिहावें. शेवटचीं अक्षरें दिसत नसल्यास विंडोजच्या ‘व्ह्यू’ या सदरांतून तीं दाखविण्याची खूण करावी. यंत्र एक इशारा देईल. त्यास भिऊं नये, कारण आपण प्रतीवर काम करीत आहों. नंतर ती उघडून आंत ‘वर्ड’ नांवाचें दालन व त्याच्याहि आंत ‘मीडिया’ नांवाचें दालन उघडावें. फाइलींत जीं चित्रें खरोखर आहेत, तीं सर्व तेथें ओळीनें मांडलेलीं सांपडतात. तेथून तीं दुसरीकडे उतरून घ्यावीं.

येथें तीन सूचना लक्षांत असूं द्याव्या. त्या दालनांत चित्रांचीं मूळ नांवें राहत नाहींत. ‘इमेज १’, ‘इमेज २’ अशीं नांवें यंत्रच देतें, आणि तो क्रम पानांच्या क्रमाशीं जुळेलच असें नाहीं. म्हणून वडील माणसांस जवळ बसवून कोण कोणाचें हें ओळखून घ्यावें. फाइलीला परवलीचा शब्द लावला असेल, तर गांठोडें याप्रमाणें सुटत नाहीं. आधीं वर्डमध्यें उघडून तो शब्द काढून टाकावा. आणि फाइल २००७ पूर्वींच्या जुन्या ‘डॉक’ पद्धतीची असल्यास तिची प्रत वेब-पान म्हणून जतन करावी. म्हणजे चित्रें शेजारीं एका वेगळ्या दालनांत आपोआप पडतात. लिबरऑफिस हा विनामूल्य कार्यक्रम वापरणाऱ्यांची ‘ओडीटी’ फाइलहि अशीच गांठोड्याची असते. तिच्यांत चित्रांच्या दालनाचें नांव ‘पिक्चर्स’ असें असतें.

गांठोडें सोडण्यापूर्वीं त्याचें वजन पाहिलें तरी पुष्कळ उमजतें. हल्लींच्या फोनवरील एका फोटोचें वजन बहुधा दोन ते पांच मेगाबाइट असतें. वर्ड तीं चित्रें आवळून ठेवतो, तरी शंभर फोटोंच्या फाइलीचें वजन कांहीं मेगाबाइट असावयासच पाहिजे. तें एक मेगाबाइटहि भरत नसेल, तर चित्रें आंत नाहींत असें खुशाल समजावें. मग प्रश्न असा कीं, चित्रें आंत नव्हतीं, तर पुण्यास पुतण्याच्या पडद्यावर तीं दिसत कशीं होतीं ?

याचें उत्तर जुन्या छापखान्यांच्या रीतीवरून चांगलें समजेल. मुंबईचें ‘मनोरंजन’ १८९५ सालीं निघालें, पुण्याच्या चित्रशाळेचें ‘चित्रमयजगत्’ १९१० सालीं. अशा सचित्र मासिकांच्या काळीं लेखाचा मजकूर एका लखोट्यांत आणि चित्राचा जस्ताचा किंवा तांब्याचा ठसा दुसऱ्या पुडींत, अशी व्यवस्था असे. मजकुरांत लेखक फक्त एवढेंच लिही, “येथें चित्र सातवें.” खिळे जुळविणारा तें वाचून फळीवरचा सातवा ठसा उचली आणि पानांत बसवी. ठसा फळीवर असला तर पान सुंदर सजे. ठसा हलविला किंवा दुसऱ्या गांवीं राहिला, तर तेवढी जागा कोरी. संगणकावरील लेखनांत या दोन्ही रीती आजहि आहेत. चित्र घालतांना ‘इन्सर्ट’ म्हटलें, तर चित्राची प्रत फाइलीच्या पोटांत जाते. ‘लिंक टु फाइल’ म्हटलें, तर चित्र पोटांत जात नाहीं. अमुक यंत्रांतील अमुक दालनांत अमुक नांवाचें चित्र आहे, एवढा पत्ता मात्र लिहिला जातो. जोंवर त्याच यंत्रावर काम चालतें, तोंवर दोहोंत कांहींच फरक दिसत नाहीं. फाइल दुसऱ्या गांवीं गेली, फोटोंच्या दालनाचें नांव बदललें, किंवा जुना संगणक विकून नवा घेतला, कीं पत्ता राहतो व मालक नाहींसा होतो. तीच ती तांबडी फुली. संकेतस्थळावरून अथवा ई-पत्रांतून चित्र उचलून चिकटविलें असतां, न कळत असाच नुसता पत्ता येण्याचा संभव असतो.

अशा जोडलेल्या चित्रांचा शोध घ्यावयाचा तर फाइल, इन्फो असें जावें. उजव्या बाजूस खालीं ‘एडिट लिंक्स टु फाइल्स’ असें असल्यास फाइलींत जोडलेल्या वस्तू आहेत असें समजावें. तें उघडलें म्हणजे एकेका चित्राचा पत्ता वाचावयास मिळतो. तो पत्ता कागदावर उतरून घ्यावा; चित्र कोणत्या यंत्रावर, कोणत्या दालनांत, कोणत्या नांवानें होतें याचा तो लेखी पुरावाच होय. मूळ चित्रें सांपडलीं, कीं ‘चेंज सोर्स’ म्हणून नवा पत्ता द्यावा, चित्र दिसूं लागल्याची खात्री करावी, आणि मग ‘ब्रेक लिंक’ म्हणावें. म्हणजे चित्र कायमचें फाइलीच्या पोटांत जातें. हा क्रम उलटा करूं नये. चित्र हातीं येण्यापूर्वींच दुवा तोडला, तर पत्ताहि जातो आणि रिकामी चौकट तेवढी मागें राहते.

एक तिसरें कारण मोठ्या ग्रंथांतच आढळतें, तें म्हणजे यंत्राची धाप. शेंकडों मोठे फोटो एकाच फाइलींत असले आणि संगणक जुना, स्मरणशक्तीनें तोकडा असला, म्हणजे शेवटचीं शेवटचीं चित्रें दाखविण्याचें त्याच्यानें होत नाहीं; तेथेंहि चौकट किंवा फुलीच दिसते. अशा वेळीं बाकीचे कार्यक्रम बंद करून, यंत्र पुन्हां चालू करून, किंवा दुसऱ्या सशक्त यंत्रावर फाइल उघडून पहावी. फाइलच दुखावलेली असेल, तर वर्डमध्यें उघडतांना ‘ओपन’ या शब्दाशेजारच्या बाणाखालीं ‘ओपन अँड रिपेअर’ असा पर्याय मिळतो. तो प्रतीवर करून पहावा. मोठ्या ग्रंथाचीं प्रकरणें मुळांतच निरनिराळ्या फाइलींत ठेवणें सर्वांत बरें. एक प्रकरण बिघडलें तरी बाकीचीं शाबूत राहतात.

या सर्व परीक्षांनंतरहि कांहीं चित्रें सांपडत नाहींत असें होतें. तेव्हां घराबाहेर पहावें. एकत्र कुटुंबाचा एक मोठा फायदा असा कीं, एकच वस्तु अनेक हातांतून गेलेली असते. सहा महिन्यांपूर्वीं आत्याबाईंना वाचावयास म्हणून पाठविलेली फाइल त्यांच्या ई-पत्रांत अजून पडून असेल. मामांसाठीं काढलेल्या पीडीएफ प्रतींत तीं चित्रें असतील. पीडीएफमधूनहि चित्र उतरून घेतां येतें. वनड्राइव्हसारख्या दूरच्या कोठारांत फाइल ठेवलेली असल्यास ‘व्हर्जन हिस्टरी’ या सदराखालीं तिचीं पूर्वींचीं रूपें मिळतात. व्हॉट्सअॅपच्या कौटुंबिक मंडळांतहि फोटो सांपडतात. पण फोटो म्हणून पाठविलेलें चित्र तेथें आवळलें जातें व बारीक रेषा पुसट होतात. छापण्यासाठीं पाठवावयाचें चित्र तेथें ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावें. तें मूळ स्वरूपांत पोंचतें.

मंद्रूपच्या पत्रलेखकांनीं पत्राबरोबर फाइलीची प्रतहि पाठविली होती. ती आम्हीं वरील क्रमानें तपासली. गांठोडें सोडतांच निम्म्याजवळ चित्रें आंत सुखरूप सांपडलीं, आणि त्यांत पणजीबाईहि होत्या ! नऊवारी लुगडें, कपाळावर आडवी कुंकवाची चिरी, हात गुडघ्यांवर. फाइलींत त्यांच्या जागीं एक करड्या रंगाची रेघ तेवढी दिसत होती; ओळींचें अंतर नेमकें ठरविल्याचा तो परिणाम. तें सैल करतांच त्या आपल्या पानावर परत आल्या. फुल्यांचीं चित्रें मात्र जोडलेलीं निघालीं. त्यांच्या पत्त्यांची यादी आम्हीं पत्रलेखकांस कळविली. पुतण्यानें आपल्या जुन्या, माळ्यावर टाकलेल्या संगणकांतून त्यांतलीं बहुतेक काढलीं, कांहीं आप्तांच्या ई-पत्रांतून आलीं. तीन चित्रें कोठेंच सांपडलीं नाहींत, असें त्यांचें दुसरें पत्र सांगतें. दोषाच्या प्रश्नाचें उत्तरहि यांतच आहे. ओळी सारख्या कराव्या ही पुतण्याची हौस पानाच्या शोभेसाठीं होती, आणि फाइल जड होऊं नये म्हणून त्यानें चित्रें जोडलीं होतीं. दोन्ही हेतु चांगले. एकट्या माणसाच्या यंत्रावर, दुसरी प्रत न ठेवतां, सबंध घराण्याचें दप्तर तीन वर्षें ठेवूं दिलें, ही व्यवस्था मात्र सर्वांचीच होती.

आतां पुढच्यांसाठीं थोडें. अशा कामास हात घालतांना प्रथम चित्रांचें एक स्वतंत्र दालन करावें. त्यांत प्रत्येक चित्रास अनुक्रमांक व नांव द्यावें, जसें ‘०१४ — थोरली शाखा, मुंज’. हेंच मूळ दप्तर. मजकुरांत चित्र चिकटवूं नये. ‘इन्सर्ट’ या वाटेनें घालावें, आणि खालीं तोच अनुक्रमांक लिहावा. वर्ड साधारणतः चित्रें दर इंचास २२० ठिपक्यांपर्यंत उतरवितो. पडद्यास तें पुरतें, परंतु चांगल्या छपाईस ३०० लागतात. तेव्हां ऑप्शन्समध्यें ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’ ही खूण करावी. पांच इंच रुंद छापावयाच्या फोटोस रुंदीला १५०० ठिपके असले पाहिजेत, हा हिशेब ध्यानांत असावा. फोटोची कड कापून मधलीं माणसें घेतलीं, तर कापलेला भाग फाइलींत दडलेला राहतो व परत आणतां येतो. पण ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ करतांना कापलेले भाग काढून टाकण्याची खूण राहूं दिली, तर कडेला उभी असलेली विधवा आत्या कायमची जाते. आपल्या जुन्या फोटोंत अशीं माणसें कडेलाच उभीं असत, म्हणून ही काळजी विशेष घ्यावी.

छापखान्याकडे मजकुराची फाइल, तिची पीडीएफ आणि चित्रांचें सबंध दालन, अशा तिन्ही वस्तु एकत्र द्याव्या. छापखान्यांतील जुळणीचे कार्यक्रम चित्रें बाहेर ठेवून जोडण्याच्याच रीतीनें चालतात. म्हणून जाणते जुळणीकार आधींच “फोटो वेगळे द्या” असें सांगतात. सर्व दप्तराच्या तीन प्रती असाव्या: एक लिहिणाऱ्याजवळ, एक मूळ घरीं बाहेरच्या तबकडींत, आणि एक दुसऱ्या गांवीं, शक्य तर लेकीच्या सासरीं. जी गोष्ट १९४८ सालीं एका फोटोस वांचवावयास कारण झाली, ती आजहि तितकीच उपयोगाची आहे.

आणि जीं तीन चित्रें खरोखरच गेलीं, त्यांचें काय करावें ? पत्रलेखकांच्या घरांत कोणी सुचविलें कीं, चौकटी काढून टाकाव्या. कोणी म्हणालें, त्या काळचीं दुसरीं कोणतीं तरी चित्रें घालावीं. आमचें मत असें कीं, चौकट तशीच ठेवावी, आणि तींत लिहावें कीं, येथें अमक्या साली, अमक्या गांवीं काढलेला अमक्यांचा फोटो होता, त्यांत डावीकडून अमुक अमुक बसलेले होते. हीं नांवें आज सांगूं शकणारीं दोन-तीन माणसें घराण्यांत आहेत. पुस्तक निघण्यास पंधरा दिवस उशीर झाला तरी चालेल. पण चुलत्यांच्या शेजारीं बसून उरलेल्या शंभरावर चित्रांखालींहि अशींच नांवें या आठवड्यांत लिहून घ्यावीं. यंत्रांत सुखरूप असलेला फोटोहि, त्यांतलीं माणसें ओळखणारें कोणी राहिलें नाहीं, म्हणजे घराण्याच्या दृष्टीनें रिकाम्या चौकटीसारखाच होतो.